रेझ्युमेतले कीवर्ड: या चुका टाळा

पात्रता बसते, अनुभव आहे, अर्जही वेळेत केलाय, तरी मुलाखतीचा फोन येत नाही. अशा वेळी माणूस स्वतःच्या लायकीवरच शंका घेऊ लागतो. ते बघून वाईट वाटतं, कारण पुष्कळदा खोट कामात नसते, ते मांडलेल्या शब्दांत असते.

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टम, म्हणजे आलेले अर्ज साठवणारं आणि हाताळणारं) या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते रेझ्युमेतला मजकूर वाचून पद, कौशल्यं, शिक्षण असं वेगळं करतं. मग रिक्रूटर हवा तो शब्द, म्हणजेच कीवर्ड, टाकून शोधतो. तो शब्द तुमच्याकडे नसेल, तर तुमचं नाव समोर येणं कठीण.

काम केलंय, पण त्याचं नावच लिहिलेलं नाही

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जाहिरातीत 'अकाउंट्स पेयेबल' (कंपनीने चुकवायची बिलं) आणि 'व्हेंडर रिकन्सिलिएशन' (पुरवठादारांशी हिशेब जुळवणं) मागितलेलं असतं आणि रेझ्युमेत लिहिलेलं असतं, 'बिलांचं सगळं काम पाहिलं'. त्याऐवजी असं लिहा: 'अकाउंट्स पेयेबल सांभाळलं, इन्व्हॉइस तपासून एसएपीमध्ये नोंदवल्या, महिनाअखेरीस व्हेंडर रिकन्सिलिएशन केलं.' काम तेच आहे, पण आता ते शोधात सापडतं आणि वाचणाऱ्याला नेमकं काय केलं तेही कळतं. त्यासाठी एकाच पदाच्या चार-पाच जाहिराती शेजारी ठेवून वाचा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या संज्ञांपैकी ज्या तुम्ही खरोखर हाताळल्यात, तेवढ्याच उचला. 'एसईओ' आणि 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' अशी दोन रूपं असतील तर दोन्ही एकेकदा येऊ द्या.

पदाच्या नावाचंही तसंच. कंपनीने 'कस्टमर हॅपिनेस चॅम्पियन' असं पद दिलं असेल, तर ते ठेवा, पण शेजारी 'कस्टमर सपोर्ट' लिहा. नसलेला हुद्दा मात्र लावू नका. पार्श्वभूमी तपासणीत तो उघडा पडतो.

शब्दांचा ढीग

कौशल्यांच्या रकान्यात तीस शब्द आणि अनुभवात त्यातला एकही नाही, असे रेझ्युमे वाचणाऱ्याला लगेच खटकतात. पायथन येतं असं लिहिलंत, तर त्यात काय बनवलं ते खाली कुठेतरी दिसलं पाहिजे. 'मेहनती', 'टीम प्लेयर' हे शब्द शोधायला कुणी बसत नाही. ती जागा वाचवा. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीचा मजकूर लपवण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. सॉफ्टवेअर मजकूर उपसून काढतं तेव्हा रंग गळून पडतो आणि लपवलेलं सगळं समोर येतं.

शब्द आहेत, पण वाचलेच जात नाहीत

दोन कॉलम, टेबल, टेक्स्ट बॉक्स, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर, चित्र म्हणून सेव्ह केलेली किंवा स्कॅन केलेली पीडीएफ: यांत मजकूर हरवू शकतो. तपासणी सोपी आहे. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी उलटसुलट झाल्या, तारखा भलत्याच नोकरीखाली गेल्या किंवा काहीच पेस्ट झालं नाही, तर मांडणी बदला.

हे सगळं नीट असूनही अर्ज करताच नकाराचा ईमेल येत असेल, तर कीवर्डच्या मागे लागू नका. अर्जासोबतचे प्रश्न पुन्हा वाचा: किती वर्षांचा अनुभव, कामाचा परवाना, रुजू होण्याची तारीख. आपोआप नकार बहुधा तिथल्या उत्तरांवरून जातो. घाईत चुकीचा पर्याय निवडला गेला असेल, तर तो दुरुस्त करता येतो का ते पाहा किंवा रिक्रूटरला थेट कळवा.