ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर किती अंतर राखावे

दक्षिण कड्यावरील मॅदर पॉइंटपाशी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचल्यास शंभरएक माणसे कठड्याला टेकून उभी दिसतात आणि त्यांच्यातील बहुतेक जण चकार शब्द बोलत नाहीत. मी प्रथम गेलो तेव्हा आमच्यापैकी एका काकांनी वीस पावलांवरून मोठ्याने हाक मारली, "अहो, इकडे या, इथून झकास दिसतंय!" कोणी रागावले नाही, कोणी काही बोललेही नाही, फक्त शेजारचे जोडपे आपली तिपाई उचलून दहा पावले पलीकडे गेले. अमेरिकेत नापसंती बहुधा अशीच, अंतर वाढवून व्यक्त होते, आणि ती ओळखता न आल्यास आपले काही चुकले आहे हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी 446 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. ॲरिझोना राज्यातील हा प्रदेश 1919 साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि 1979 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तथापि बहुतेक पर्यटक दक्षिण कड्यावरील मोजक्या जागांवरूनच ती पाहतात, त्यामुळे दरी अफाट असली तरी माणसांची दाटी थोड्याशा कठड्यांपाशीच होते, आणि शिष्टाचाराचे सगळे प्रश्न तिथेच उभे राहतात.

प्रवेशशुल्काचा हिशेब आधीच करून ठेवावा. खासगी वाहनाला 35 डॉलर पडतात आणि तो परवाना सात दिवस चालतो. मात्र 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या आणि वार्षिक पास न घेतलेल्या 16 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक पर्यटकाकडून आणखी 100 डॉलर घेतले जातात. आई-वडिलांना भारतातून बोलावून इथे नेणाऱ्यांना हा आकडा फाटकावर कळू नये.

आता बोलण्याविषयी. 'प्लीज'ला मराठीत रोजच्या वापरातला प्रतिशब्द नाही, कारण आपले आर्जव क्रियापदात आणि 'जरा', 'का', 'ना' अशा लहानशा शब्दांत असते. "जरा आमचा फोटो काढता का?" या वाक्यात सौजन्याची काहीच उणीव नाही. हेच वाक्य मनातल्या मनात उलथवून "टेक अवर फोटो" असे इंग्रजीत उतरवले, की 'जरा' आणि 'का' दोन्ही गळून जातात आणि समोरच्याच्या कानी पोहोचतो तो निव्वळ हुकूम. म्हणून "एक्स्क्यूज मी, कुड यू टेक अ फोटो ऑफ अस, प्लीज?" हे वाक्य पाठच करून ठेवावे, आणि फोन परत घेताना "थँक यू" आवर्जून म्हणावे. घरच्या माणसाने पाण्याचा पेला दिला तर आपण आभार मानत नाही, मानले तर तोच परकेपणा वाटतो. तिथे मात्र आभार न मानणे हा तुसडेपणा ठरतो.

नकाराच्या रीतीही देशागणिक वेगळ्या आहेत. जर्मन किंवा डच पर्यटकाने "नो" म्हटले तर त्याचा अर्थ तेवढाच असतो, त्यामागे राग शोधू नये. जपानी माणूस मान किंचित कलती करून "जरा अवघड आहे" अशा अर्थाचे काही म्हणाला, तर तो नकारच समजावा आणि "मग केव्हा जमेल?" असे विचारू नये. आपल्या "बघू" या उत्तराचा सांधा जपान्यांशी जुळतो, पण अमेरिकी माणूस त्याचा अर्थ होकार असा घेऊन वाट पाहत बसेल. होकारासाठी आपण मान डोलावतो, तीही पुष्कळांना नकारासारखी दिसते. म्हणून सोबत "येस" म्हणावे.

यातील सर्वांत महत्त्वाची गफलत रेंजरचे, म्हणजे उद्यानाच्या गणवेशधारी रक्षकाचे, बोलणे समजण्यात होते. "यू माइट वाँट टू स्टेप बॅक" हे वाक्य शब्दशः घेतले तर "तुम्हाला मागे सरकावेसे वाटेल" असे होते, आणि आपण हसून तिथेच उभे राहतो. प्रत्यक्षात अमेरिकी गणवेशधारी माणूस इतक्या मऊ शब्दांत "मागे व्हा" असेच सांगत असतो. आपल्याकडे पोलीस ओरडल्याशिवाय ती सूचना आहे असे वाटतच नाही. इथे आवाज चढण्याची वाट पाहू नये. कड्यापासून किमान दोन मीटर अंतर राखावे असे उद्यान सांगते, आणि कठडा कड्याच्या अगदी थोड्या भागालाच आहे. फोटो काढणाऱ्याने "अजून जरा मागे" असे म्हणणे आणि उभ्या राहिलेल्याने न बघता मागे जाणे, ही जोडी इथे जिवावर बेतू शकते. चौकटीत सगळे मावत नसतील तर फोन धरणाऱ्याने मागे जावे, आणि त्यानेही आधी वळून बघावे.

माणसामाणसांतील अंतर हा दुसरा धडा. रांगेत पुढच्याच्या पाठीला छाती लागेल इतके जवळ उभे राहण्यात आपल्याला काही गैर वाटत नाही, कारण फट ठेवली की कोणीतरी घुसते. शटल बसच्या थांब्यावर एक हात अंतर ठेवावे. फट दिसली तरी तिथे कोणी घुसत नाही. एकाने रांगेत उभे राहून मागाहून आठ जणांना आत घेणे मात्र कोणालाच रुचत नाही. हर्मिट रोडवर मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना मनाई असते, त्यामुळे मोफत शटलला तिथे गर्दी होते आणि असे प्रसंग वारंवार येतात. परक्या मुलाचा गालगुच्चा घेणे, त्याला खाऊ देणे किंवा त्याचा फोटो काढणे टाळावे. आपल्या लेखी ते कौतुक असते, पण तिथल्या आईच्या चेहऱ्यावर भीती दिसते.

पायवाटेवर उतरल्यावर रिवाज बदलतो. कठड्यापाशी जी माणसे एकमेकांकडे पाहत नाहीत, तीच ब्राइट एंजल ट्रेलवर समोरून येताना "हाय" किंवा "हाऊ आर यू" म्हणतात. तो प्रश्न नसतो. गुडघेदुखीपासून सुरुवात न करता "गुड, थँक्स" म्हणून पुढे जावे. वर चढणाऱ्याला वाट देण्याची जबाबदारी उतरणाऱ्याची असते, कारण चढणाऱ्याची लय मोडली की त्याला पुन्हा पावले टाकणे जड जाते. उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट चढायला धरावा, आणि तळाशी कड्यापेक्षा तापमान सुमारे 11 अंश सेल्सिअसने जास्त असते हे लक्षात ठेवून पाणी घ्यावे. छोट्या स्पीकरवर गाणी लावून चालण्याची हौस घरी ठेवावी. दगडी भिंतींमुळे आवाज दोन वळणे खालपर्यंत जातो.

खेचरे आली की सगळ्यांनाच थांबावे लागते. इथे खेचरांच्या सफरी 1887 पासून चालू आहेत आणि पायवाटेवर पहिला हक्क त्यांचा असतो. अशा वेळी डोंगराच्या अंगाला, म्हणजे दरीपासून दूर, पाठ टेकून उभे राहावे, बोलणे थांबवावे आणि तांड्याच्या म्होरक्याचे ऐकावे. पाठीवरची पिशवी हलवू नये, फोटोसाठी पुढे झुकू नये. शेवटचे खेचर 15 मीटर पुढे गेल्यावरच वाटेवर यावे. मी उभा होतो तेव्हा एक खेचर माझ्यासमोर येऊन थबकले, त्याने नाकपुड्या फेंदारून माझ्या टोपीचा वास घेतला आणि मग पुढच्याच्या शेपटीमागे पाऊल टाकले. त्या अर्ध्या मिनिटात मागच्या फ्रेंच कुटुंबातील लहान मुलीनेही तोंडातून आवाज काढला नाही.

एल्क (हरणाची एक मोठी जात), हरणे, रानमेंढ्या आणि कंडोर गिधाडे यांच्यापासून 30 मीटर, तर खारी आणि इतर लहान प्राण्यांपासून 15 मीटर दूर राहण्याचा नियम आहे. खारी स्वतःच जवळ येतात हे खरे, पण त्यांना शेंगदाणा देणे हा पुण्याचा भाग नसून गुन्हा आहे, आणि त्या चावतात. आणखी एक सवय आवरावी. नदी दिसली की हात जोडून नाणे टाकण्याचा आपला रिवाज आहे. अमेरिकी पर्यटकही इच्छा मनात धरून नाणी फेकतात. इथे कड्यावरून दगड किंवा नाणे, काहीही टाकायचे नसते. खालच्या पायवाटेवर माणसे असतात, आणि चकाकणाऱ्या वस्तू कंडोर गिळतात. 1982 साली जगात हे पक्षी 22च उरले होते; ॲरिझोनात ते 1996 साली पुन्हा सोडण्यात आले. हात जोडायला अर्थात कोणाची हरकत नाही.

बक्षिसीचा प्रश्न थोडक्यात सांगतो. बसून जेवलेल्या ठिकाणी बिलाच्या 15 ते 20 टक्के ठेवावेत. जपानी पर्यटकांकडे ही रीतच नाही आणि जर्मन लोक बिलाचा आकडा वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत नेतात, पण इथे वाढप्याची बरीचशी कमाई यावरच असते. रेंजर मात्र सरकारी नोकर असतो, त्याला पैसे देऊ करू नयेत.

पूर्वेकडील डेझर्ट व्ह्यूपाशी 1932 सालचा दगडी टेहळणी मनोरा आहे. या दरीशी 11 आदिवासी राष्ट्रांचे नाते आहे, आणि या परिसरात नवाहो, होपी आणि इतर समाजांचे कारागीर आपली कला दाखवताना भेटतात. त्यांच्याशी घासाघीस करू नये आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नये. होपी गावांमध्ये तर छायाचित्रणालाच बंदी असते. पुष्कळ नवाहो लोकांना माणसाकडे बोट दाखवणे उद्धटपणाचे वाटते, दिशा दाखवायची तर ते ओठ पुढे काढून दाखवतात. थोरांच्या डोळ्यांत रोखून पाहणेही त्यांना खटकते, हे आपल्या आजी-आजोबांना सहज पटले असते. बोलताना मध्ये शांतता पडली तर ती भरून काढण्याची घाई करू नये. चांदीच्या कड्यावरील नक्षीचा अर्थ मी विचारला तेव्हा समोरच्या बाई बराच वेळ हातातल्या कामाकडेच पाहत राहिल्या. मी प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारणार इतक्यात त्यांनी सावकाश उत्तर द्यायला सुरुवात केली.