कुजक्या ओंडक्याखालचा रातसरडा कसा शोधावा

पिवळ्या ठिपक्यांचा रातसरडा, म्हणजे लेपिडोफायमा फ्लॅविमॅक्युलाटम, मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट सखल जंगलांत राहतो. रात्री बॅटरी घेऊन पायवाटा तुडवण्यात फारसा अर्थ नाही. तो आडोसा सोडून क्वचितच बाहेर येतो. दिवसाच शोधा. हाताळायचा किंवा पकडायचा असेल तर त्या-त्या देशाचा परवाना आधी काढा.

ओंडका निवडणं हेच खरं काम. पूर्ण भुसा झालेला नको आणि ताजा पडलेलाही नको; साल सुटू लागलेली, आत पोकळ्या असलेला आणि जमिनीला टेकलेला हवा. सखल भागात पाणी साचून चिखलात रुतलेले ओंडके सोडून द्या. मोठ्या झाडांच्या फळीसारख्या मुळांमधल्या खाचा, खडकांच्या कपारी आणि गुहांची तोंडंही पाहा.

ओंडक्याखाली बोटं घालू नका. तिथे विंचू असतात आणि टेर्सिओपेलो हा जहाल विषारी सापही. लांब दांड्याच्या आकडीने ओंडका स्वतःकडे ओढा, म्हणजे फट पलीकडच्या बाजूला उघडते आणि तुमच्या पायांसमोर ओंडकाच राहतो. फोडू तर नकाच: एकदा फुटला की आतला ओलावा उडतो, आणि तो आडोसा कायमचा गेला.

सरडा दिसला की आधी डोकं पाहा. डोक्यावर मोठ्या, सममित ढाली, म्हणजे ढालीसारखे रुंद खवले; पाठीवर बारीक खवल्यांमध्ये टपोरे उंचवटे, पोटावर चौकोनी खवले. पापण्या नाहीत, त्यामुळे पालीशी गल्लत होते. पण पालीच्या डोक्यावर अशा ढाली नसतात.

शेपटीला हात लावू नका, ती तुटते. धडाखाली तळवा देऊन अलगद धरा. हाताला डासांचं मलम नको. लांबी मोजताना नाकाच्या टोकापासून अवस्कराच्या, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या मल-जनन छिद्राच्या, फटीपर्यंत मोजा. शेपटी वेगळी मोजायची, कारण ती पुन्हा उगवलेली असू शकते. मांडीखालची छिद्रं नरात मोठी असतात, पण पनामातल्या काही ठिकाणी नुसत्या माद्याच सापडतात. त्या नराविना पिल्लं देतात, अंडी घालत नाहीत. पोट फुगलेलं दिसलं तर मोजमाप सोडा, लगेच जाऊ द्या.

परतवताना आधी ओंडका जुन्याच खळग्यात तंतोतंत बसवा, मग सरडा शेजारी ठेवा. उलट क्रम केला तर तो चिरडतो. तो स्वतःच फटीत शिरेल.