शेजारच्या आजींची आठवण कशी जपावी

शेजारच्या आजी गेल्या की आपण त्यांच्या घरच्यांजवळ बसतो, तेराव्याला जाऊन येतो आणि पुढे काय करावे ते सुचत नाही. लातूरमधील आमच्या गल्लीतल्या आजी गेल्या तेव्हा आम्ही जे केले, त्यावरून हे लिहीत आहे.

तेराव्यापर्यंतचे दिवस सर्वांत मोलाचे असतात, कारण भेटीला येणारी माणसे पुन्हा अशी एका जागी जमत नाहीत. एक साधी वही ठेवावी, मात्र समोर बसून लिहू नये, त्याने बोलणारा अवघडतो. घरी आल्यावर लगेच उतरवून काढावे. ‘फार मायाळू होत्या’ एवढ्यावर थांबू नये, तर ‘तुमची त्यांच्याशी पहिली भेट कशी झाली?’ असे विचारावे. बदलीवर आलेल्या एका बाईंनी आम्हाला सांगितले, की सामान उतरवले त्या रात्री घरात गॅस नव्हता, तेव्हा आजींनी पितळी डब्यात पिठले आणि वर फडक्यात बांधलेल्या तीन ज्वारीच्या भाकरी पाठवल्या. डबा परत द्यायला गेल्यावर त्यांनी तो शेंगदाण्याच्या चटणीने भरून पुन्हा त्यांच्याच हाती दिला.

आजींचे शब्द होते तसेच लिहावेत. त्या ‘जेवलाव का?’ असे विचारत. त्याचे ‘जेवलात का?’ केले तर त्यांचा आवाजच हरवतो. समवयस्कांना 1972 च्या दुष्काळाविषयी आणि 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाविषयी आवर्जून विचारावे. किल्लारीकडून आलेल्या एका कुटुंबाला आजींनी दोन महिने आपली ओसरी दिली होती, हे आम्हाला तेव्हाच कळले.

फोटो किंवा मजकूर कुठेही देण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्यावी. चौकात फ्लेक्स लावण्यापेक्षा वहीची एकेक प्रत त्यांच्या मुलांना आणि लेकीला द्यावी, असे मला मनापासून वाटते.

आजी गेल्यानंतर येणारी वेळ अमावस्या, म्हणजे शेतात जाऊन साजरी होणारी आपली येळवस, मात्र चुकवू नये. ज्यांना शेत नाही अशा भाडेकरूंना आजी दर मार्गशीर्ष अमावस्येला आपल्या शेतात नेत असत आणि भज्जी, उंडे, आंबील पोटभर वाढत. त्यांच्या घरी यंदा सुतक असो वा वर्ष पाळायचे असो, काय चालेल ते आधी विचारून घ्यावे. त्यांना जमणार नसेल तर शेत असलेल्या शेजाऱ्याने गल्लीत नव्याने राहायला आलेल्या घरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन आमंत्रण द्यावे आणि कोपीजवळ, म्हणजे शेतात उभारलेल्या कडब्याच्या खोपीजवळ, पंगत बसली की आंबिलीचा पहिला तांब्या त्या घरच्या माणसांपुढे ठेवावा.