कोकणातला व्यवसाय : हंगाम नसतानाच्या सवयी

कोकणात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला काम वर्षभर असते, पण कमाईचे दिवस मोजकेच असतात. हापूसची आवक मार्चमध्ये जोर धरते आणि जूनच्या पहिल्या पावसाबरोबर संपते. पावसाळी मासेमारीबंदी साधारण १ जून ते ३१ जुलै अशी असते. मालवण, गुहागर, दिवेआगर अशा किनाऱ्यांवर पर्यटकांची गर्दी होते ती दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना साधून. त्यामुळे एखादी गोष्ट चुकली, तर ती सुधारून पाहण्याची संधी पुष्कळदा थेट पुढच्या वर्षी मिळते. म्हणूनच इथल्या व्यावसायिकाचे यश हंगामात किती धावपळ केली यापेक्षा हंगाम नसताना कोणत्या सवयी लावून घेतल्या यावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे. आंब्याची बाग सांभाळणारे, घरगुती निवास-न्याहारी चालवणारे, काजूगर किंवा कोकम विकणारे, गावोगाव जाऊन वायरिंगचे किंवा नळाचे काम करणारे अशा सर्वांना उपयोगी पडतील, अशाच सवयी पुढे सांगितल्या आहेत. उदाहरणे बहुतेक आंब्याची आहेत, कारण हंगामाचा कस सर्वांत जास्त तिथे लागतो.

रोजची वही

पहिली सवय लिहून ठेवण्याची, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त भर देईन. बागायतदाराच्या वहीत पुढील गोष्टी असाव्यात : कोणत्या कलमाला मोहोर कधी फुटला, कोणत्या तारखेला कोणते औषध किती लिटर पाण्यातून फवारले, तुडतुडे (कीड) किंवा भुरी (बुरशीचा रोग) बागेच्या कोणत्या भागात पहिल्यांदा दिसली, फळ वाटाण्याएवढे, गोटीएवढे आणि अंड्याएवढे केव्हा झाले, अवकाळी पाऊस कधी पडला आणि शेवटी कोणत्या कलमावरून किती डझन आंबा उतरला. रात्री जेवणाआधी दहा मिनिटे काढली तर एवढे सहज लिहून होते. हापूस दरवर्षी सारखा येत नाही. एक वर्ष भरघोस गेले की पुढचे बहुधा ओढीचे जाते, आणि आपल्या आठवणीत मात्र भरघोस वर्षच ठाण मांडून बसते. तीन-चार वर्षांच्या नोंदी हाताशी असल्या, की कोणते कलम खत खाऊन फळ देत नाही, बागेच्या कोणत्या उताराला मोहोर आधी येतो, कोणती फवारणी उशिरा झाल्यामुळे वाया गेली, हे अंदाजाने बोलावे लागत नाही.

हिशेबाची वही वेगळी ठेवावी. वाशीच्या बाजारातून विक्रीची पट्टी येते आणि तिच्यावरचा आकडा म्हणजेच आपली कमाई, असे धरून चालणारे बागायतदार आजही कमी नाहीत. समजा, पाच डझनांची पेटी २,००० रुपयांना गेली. खोका, पेंढा, भरणावळ, गाडीभाडे आणि हमाली मिळून ४५० रुपये वजा झाले, तर उरले १,५५०. वर्षभराची खते, औषधे, गवतकाढणी आणि राखण यांचा खर्च एकूण पेट्यांवर विभागल्यावर पेटीमागे ७०० रुपये आला, तर उरले ८५०. आणि स्वतःची व घरातल्या माणसांची मजुरी यातून अजून वजा व्हायची आहे. हे गणित एकदा मांडून पाहिले, की कोणत्या आठवड्यात माल बाजारात पाठवावा, कधी घरपोच गिऱ्हाईक धरावे आणि मेअखेरचा आंबा कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, केव्हा देऊन टाकावा, याचे निर्णय शेजारी काय करतो ते पाहून घेण्याची गरज उरत नाही.

निवास-न्याहारी चालवणाऱ्यांनीही हेच करावे. कोणत्या खोलीबद्दल कोणती तक्रार आली, कोणत्या पाहुण्यांना सोलकढी आणि कोणाला चहा पुन्हा हवा होता, टँकर किती वेळा मागवावा लागला, या नोंदींवरूनच पुढच्या वर्षीचा दर आणि दुरुस्तीचा क्रम ठरतो.

दिलेला शब्द

दुसरी सवय शब्द पाळण्याची. आपल्याकडे कारागिराला फोन केला, की ‘उद्या येतो’ असे उत्तर मिळते, आणि तो उद्या आला नाही तरी कोणी फारसे रागावत नाही, कारण सगळेच एकमेकांना ओळखत असतात. ओळखीतला हा सैलपणा नात्यांत गोड असला, तरी व्यवसायात घातक आहे. ज्याला खरोखर पुढे जायचे आहे त्याने तारीख देताना आपल्या हातातली कामे मोजावीत, एक दिवस पुढचा सांगावा आणि जमणार नसेल, तर गिऱ्हाईकाचा फोन येण्याची वाट न पाहता आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करून तसे कळवावे. वेळेवर दिलेल्या नकाराने गिऱ्हाईक तुटत नाही, हे अनुभवाने पटते. ते तुटते दिवसभर वाट पाहून कोणीच न आल्याने.

शब्द पाळण्याची खरी परीक्षा पेटी भरताना होते. आंबा देठासह उतरवलेला असावा, म्हणजे चीक सांडून सालीवर डाग पडत नाहीत. उन्हात न ठेवता तो सावलीत आणून वजनाप्रमाणे वेगळा करावा. मग पेंढ्याचा थर, त्यावर एकाच वजनाचे आंबे आणि पुन्हा पेंढा. याच क्षणी हाताला मोह होतो. वरच्या थरात पावणेतीनशे ग्रॅमची देखणी फळे आणि तळाला दोनशेची बसवली, तर झाकण उघडणाऱ्याला पहिल्या नजरेत काही कळत नाही. ते कळते दुसऱ्या दिवशी, पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या घरात, घरातली मंडळी समोर असताना. त्या घरातून पुढच्या वर्षी फोन येत नाही आणि तो का आला नाही, हे आपल्याला कधीही समजत नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि परप्रांतांतला आंबा हापूसच्या नावाने विकला जातो, अशी आपली रास्त तक्रारही आहे. ती तक्रार करणाऱ्याची स्वतःची पेटी तळापर्यंत खरी असली पाहिजे. आंबा अजून कच्चा आहे, पिकायला किती दिवस लागतील, अढी कशी घालावी आणि एखादे फळ आतून साक्याचे, म्हणजे पांढरट आणि स्पंजासारख्या गराचे, निघाले तर काय करणार, हेही चिठ्ठीवर आधीच लिहून पेटीत ठेवावे. खोलीतून समुद्र दिसत नसेल, तर ‘समुद्र चालत दहा मिनिटांवर’ असे लिहिणे, हा त्याच सचोटीचा भाग होय.

पावसाचे चार महिने

तिसरी सवय पावसाळा कामी लावण्याची. या बाबतीत आपले मच्छीमार सर्वांचे गुरू आहेत. बंदीच्या काळात होडी किनाऱ्यावर ओढली, की जाळ्यांची दुरुस्ती, इंजिनाची साफसफाई, सांधे बुजवणे आणि रंगकाम ही कामे ठरलेल्या क्रमाने होतात, कारण नारळी पौर्णिमेनंतर भर समुद्रात इंजिन बंद पडले तर काय होते, हे त्यांना सांगावे लागत नाही. इतर व्यवसायांतली जोखीम इतकी उघडी नसते, म्हणून तिथे पावसाळा नुसता सरतो.

जून उजाडला की तीन प्रकारची कामे कागदावर मांडावीत : काय दुरुस्त करायचे, काय शिकायचे आणि काय बंद करायचे. शिकण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याला त्याचे फळ संशोधन केंद्र आहे; देठासह आंबा उतरवणारा नूतन झेला आणि फळमाशीसाठीचा रक्षक सापळा विद्यापीठानेच बागायतदारांच्या हाती दिला, आणि वेंगुर्ल्याच्या नावाच्या काजूच्या जाती तिथल्याच संशोधनातून आल्या. मोहोर लवकर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढरोधक रसायन वापरणाऱ्यांनी तर ते विक्रेत्याच्या सांगण्यावरून न देता कलमाचे वय, विस्तार आणि शिफारस केलेली मात्रा तज्ज्ञांकडून नीट समजून घ्यावी. त्याची वेळही जुलै-ऑगस्टमध्येच येते. ज्यांचा व्यवसाय शेतीचा नाही त्यांनी या महिन्यांत एकच कौशल्य निवडावे, मग ते संगणकावर हिशेब ठेवण्याचे असो, सोलर पॅनेल बसवण्याचे असो किंवा पाहुण्यांशी हिंदी-इंग्रजीत न अडखळता बोलण्याचे. एका पावसाळ्यात एक गोष्ट पक्की झाली तरी ती पुष्कळ आहे.

एखादा हंगाम पूर्ण हातचा गेला, की माणसे म्हणतात, ‘इथे काही होणार नाही, मुंबईच बरी.’ मुंबईला जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण तो निर्णय वाईट वर्षाच्या रागात घेऊ नये. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे ऐन तारुण्यात परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. त्याच कर्व्यांनी १९१६ साली, वयाच्या ५८व्या वर्षी महिला विद्यापीठ स्थापन केले. हुकलेली संधी तात्पुरती मानण्याची ही वृत्ती अंगी बाणवण्यासारखी आहे.

पैसा आणि माणसे

हंगामाचा पैसा एकदम येतो आणि लग्नसराईही त्याच सुमारास असते, एवढे सांगितले तरी पुरे. व्यवसायाचे बँक खाते वेगळे ठेवावे, निव्वळ उत्पन्नाचे बारा भाग करून दरमहा एकच भाग घरखर्चाला काढावा आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या फवारणीची रक्कम हंगाम संपताच बाजूला टाकावी.

माणसांच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक बागा आज नेपाळहून येणाऱ्या कामगारांच्या भरवशावर चालतात. जो बागायतदार मजुरी ठरल्या दिवशी देतो, राहायला न गळणारी खोली देतो आणि आजारपणात दवाखान्यात घेऊन जातो, त्याच्याकडे तीच माणसे वर्षानुवर्षे परत येतात. दरवर्षी नवीन माणसाला बाग दाखवत बसण्याचा त्रास त्याला होत नाही. कामात तरबेज माणूस टिकवणे ही कमाईच आहे, हे मनात ठसले पाहिजे. शेजारच्या निवासवाल्याशीही असेच वागावे : आपल्या खोल्या भरल्या असतील, तर पाहुण्याला ‘जागा नाही’ म्हणून वाटेला न लावता त्याच्याकडे पाठवावे. गावात चार घरे चांगली चालली तरच पाहुणे त्या गावाचे नाव घेऊन येतात.

शेवटची सवय घरातली आहे आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. कोकणात बागेच्या किंवा घराच्या सातबाऱ्यावर बहुधा अनेक भावंडांची नावे असतात. एक जण गावात राहून राबतो आणि बाकीचे मुंबईला असतात. नवीन पंप बसवायचा, कर्ज काढायचे किंवा माडीवर दोन खोल्या वाढवायच्या, तर सर्वांची संमती लागते आणि ती आयत्या वेळी फोनवर मिळत नाही. गणपतीला सगळे घरी येतात. विसर्जन झाल्यावर, परतीच्या गाड्या सुटण्याआधी, एक सकाळ राखून ठेवावी. दोन्ही वह्या मधे ठेवून वर्षाचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा, राबणाऱ्याची मजुरी किती धरली ते उघड सांगावे, पुढच्या वर्षी कोणता खर्च करायचा आहे तो विचारावा आणि जे ठरेल ते त्याच वहीत लिहून खाली सर्वांच्या सह्या घ्याव्यात.