पाक साखरवायचा कसा? दोऱ्यावरची खडीसाखर

गुलाबजामच्या पाकात आजी शेवटी लिंबू पिळायची. म्हणायची, "नाहीतर साखरतो." खडीसाखरेला नेमकं उलटं हवं असतं. पाक साखरायलाच हवा, फक्त आपण सांगू तिथे. म्हणून इथे लिंबाला हात लावू नका. आम्लाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि ते परके रेणू स्फटिकाच्या रांगेत अडथळा करतात.

लागेल ते: २०० मिली पाणी, ५५० ग्रॅम साखर, काचेचा ग्लास, जाड सुती दोरा, पेन्सिल.

१. दोरा आदल्या रात्रीच ओला करून साखरेत घोळवा आणि खडखडीत वाळवा. ओला राहिला तर दाणे पाकात गळून पडतात.

२. मध्यम आचेवर पाण्यात थोडी थोडी साखर घालत ढवळा. एकतारी बघत बसू नका, पाक नितळ झाला की गॅस बंद. कडेला चिकटलेले दाणे ओल्या फडक्याने पुसा.

३. पाक निवू द्या. खरी गंमत इथे आहे. उकळत्या पाण्यात १०० ग्रॅममागे ४८०च्या आसपास साखर मावते, ३० अंशांना जेमतेम २२०. म्हणजे निवल्यावर शंभरेक ग्रॅम साखर बाहेर पडायला हवी, पण पडत नाही! रेणू एकमेकांना चिकटतात, पण पुंजके इतके चिमुकले की लगेच पुन्हा विरघळतात. घट्ट पाकात त्यांना हलायलाही वेळ लागतो. हेच अतिसंपृक्त द्रावण. त्याला टेकायला एखादा तयार स्फटिक हवा असतो, आणि धुळीचा कणही कधी कधी पुरतो.

४. कोमट पाक गाळून ग्लासात ओता. दोरा पेन्सिलीला बांधून आत सोडा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. पाक गरम असेल तर दोऱ्यावरचे दाणेच विरघळतील. वर पातळ कापड बांधा, आणि मुंग्यांसाठी ग्लास पाण्याच्या ताटलीत ठेवा.

५. आता हात लावायचा नाही. पहिल्या खेपेला मी रोज ग्लास उचलून हलवून बघत होतो. चौथ्या दिवशी दोरा रिकामा आणि तळाशी साखरेची वडी!

दोन-तीन दिवसांत दोरा चमकू लागतो, आठवड्याभरात खडे दिसतात. वर पापुद्रा धरला तर चमच्याने फोडून काढा.

उरलेला पाक टाकू नका. त्यात लिंबू पिळा, एक उकळी आणा आणि सरबताला ठेवा.