टोकियो डोमला जाताना रोख नव्हे, भरलेले सुइका कार्ड न्या

जपानमध्ये रोख पैसे सर्वत्र चालतात अशा समजुतीने बेसबॉलचा सामना पाहायला गेलेल्या प्रवाशाची टोकियो डोममध्ये पंचाईत होते, कारण 2022 पासून तेथील खाद्यपदार्थांचे आणि वस्तूंचे व्यवहार रोखीविना होतात. पाठीवर बिअरचे पिंप बांधून पायऱ्यांवरून फिरणाऱ्या विक्रेत्या मुलींनाही हा नियम लागू आहे. आपण हात वर करावा, त्यांनी वाकून प्याला भरावा आणि आपण नोट पुढे करावी, यासारखा ओशाळवाणा प्रसंग दुसरा नाही.

1. डोमजवळच्या सुइदोबाशी किंवा कोराकुएन स्थानकावर उतरल्यावर, बाहेर पडण्यापूर्वीच, तिकीट यंत्रावर सुइका किंवा पास्मो या, प्रवासभाडे आणि खरेदी दोन्हींसाठी चालणाऱ्या, प्रीपेड कार्डात रोखीने पैसे भरावेत. यंत्रावर इंग्रजी भाषेचे बटण असते.
2. खाण्यापिण्याच्या अंदाजात परतीचे भाडेही मिळवावे, म्हणजे सामना संपताच हजारो प्रेक्षक एकदम स्थानकाकडे वळतात तेव्हा यंत्रापुढे रांग लावावी लागत नाही.
3. कार्डातील शिल्लक 20,000 येनपेक्षा जास्त होऊ शकत नाही. एका सामन्यासाठी मात्र माणशी 4,000 ते 5,000 येन पुरावेत.

केवळ भारतीय बँकेच्या कार्डावर विसंबायचे असेल, तर परदेशातील आणि स्पर्शविरहित व्यवहारांची सोय बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावी. नव्या कार्डांवर ती मुळात बंद असते.