मूत्रपिंडाचा आजार असताना मटण कसे खावे

आषाढात सोलापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि घरातल्या क्रिएटिनिन (मूत्रपिंड कमजोर झाल्यावर रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेल्या माणसाला काय वाढायचे, हा प्रश्न उभा राहतो. मटण कायमचे बंद करण्याची वेळ सर्वांवर येत नाही. माझ्या मते ताटातल्या फोडींपेक्षा वाटीतला रस्सा जास्त सांभाळावा लागतो.

आधी हिशेब पाहावा. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिने सांगितली जातात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या, बिनहाडाच्या मटणात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि दोन ज्वारीच्या भाकरींतूनही बारा-तेरा ग्रॅम मिळतात. म्हणून ६० ते ७० ग्रॅम मटण, म्हणजे तीन-चार लहान फोडी, एका जेवणापुरते ठरवावे आणि त्या दिवशी डाळ, अंडी, दूध कमी करावे. डायलिसिसवरील रुग्णाची गरज उलट वाढते, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, त्याला घरच्यांनी धाकाने उपाशी ठेवू नये.

मांडीचे, चरबी काढलेले मटण घ्यावे. कलेजी आणि वजडी टाळावी. कलेजीत फॉस्फरस आणि युरिक अ‍ॅसिड वाढवणारे प्युरीन भरपूर असते. मटणाचे बारीक तुकडे करून ते भरपूर पाण्यात दहा मिनिटे उकळावेत आणि ते पाणी ओतून द्यावे, कारण कमजोर मूत्रपिंडाला नीट बाहेर टाकता न येणाऱ्या पोटॅशियम व फॉस्फरसचा काही भाग त्यात उतरतो. नेमके हेच पाणी आपल्याकडे अळणी म्हणून आजाऱ्याला 'ताकद येईल' म्हणत पाजले जाते! नंतर नव्या पाण्यात मटण शिजवावे.

फोडणीत कांदा, आले, लसूण, धने यांवर भर द्यावा. सुके खोबरे, शेंगदाण्याचा कूट आणि टोमॅटो यांनी पोटॅशियम वाढते, म्हणून पोटॅशियम जास्त असलेल्यांनी काळ्या मसाल्याचा दाट रस्सा जपून घ्यावा. मीठ दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. आयत्या मसाल्यात बहुधा मीठ असतेच. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असते, ते सल्ल्याशिवाय वापरू नये.

ताट वाढताना कडक भाकरी रश्शात चुरण्याचा मोह आवरावा, कारण चुरलेली भाकरी वाटीभर रस्सा सहज शोषून घेते आणि पाण्याचे बंधन असलेल्या रुग्णाचा तेवढा कोटा नकळत संपतो. फोडी सुक्या वाढाव्यात, रस्सा दोन चमचे. सोबत शेंगाचटणी नको. काकडीच्या चकत्या चालतील. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी लिहून दिलेली असेल तर ती जेवणासोबतच घ्यावी, तासाभराने घेतल्यास तिचा फारसा उपयोग होत नाही. असे जेवण आठवड्यातून किती वेळा घ्यावे, हे ताजा रिपोर्ट दाखवून आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.